गाडेकरकाकांचा पाच वाजताचा फोन

गाडेकरकाका माणसांना नावाने ओळखत नसत, नंबराने ओळखत. ते भोकरदनच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. त्या काळी तालुक्यात फोन इतके थोडे होते की सगळे नंबर एका माणसाच्या डोक्यात मावत, आणि तो माणूस म्हणजे काका. पुढे एक्स्चेंज ऑटोमॅटिक झालं, काका निवृत्त होऊन नवीन जालन्यात राहायला आले, तरी डोक्यातले नंबर हलले नाहीत. स्टेशनजवळ कुणी जुना भोकरदनकर दिसला की ते रस्ता ओलांडून जात आणि विचारत, "काय सत्तावीस, आज इकडं कुठं?" तो सत्तावीस नंबर, आता चांगला दुमजली घराचा मालक, एकदम आवाज उतरवून म्हणे, "बियाणं न्यायला आल्तो, काका." मला याचं आश्चर्य वाटे. मग कळलं. ज्याने तुमचे सगळे फोन जोडून दिलेत, त्याच्यासमोर मान फार वर ठेवता येत नाही.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तो एक पिशवी, ज्वारीचं एक गाठोडं आणि एक निरोप घेऊन. आमच्या धावड्यात त्यांची थोरली बहीण दिलेली होती. तिचं नाव रुखमाबाई, पण अख्खं गाव तिला आक्का म्हणे. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. आजोबांनी जन्मभर मेंढरं राखली, वडिलांनी निम्मा जन्म. कॉलेज म्हणजे नेमकं काय हे वडिलांना सांगता आलं नसतं, पण पोराला जालन्यात छप्पर लागेल एवढं त्यांना समजत होतं, म्हणून ते आक्काकडे गेले. आक्काने निरोप दिला, "त्याला म्हणावं, पोरगं गरीब हाय, चोरी करणार न्हाई. अक्कल किती हाय ते तूच बघ." मी हा निरोप जसाच्या तसा सांगितला. निरोपातला कुठला भाग गाळायचा असतो हे मला तेव्हा कळत नव्हतं.

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "नंबर?"

मी घाईघाईने बारावीचा बैठक क्रमांक सांगितला.

"तो न्हाई रे बाबा. घरचा. टेलिफोनचा."

"आमच्याकडे फोन नाही."

"मंग तू बिनानंबर," ते म्हणाले. "ती बाजूची खोली तुझी. ज्वारी इथं ठेव, अक्कल असली तर तीबी इथंच ठेव, तिथं उंदरं हायेत."

पुढची तीन वर्षं मी बिनानंबर होतो. माझं नाव त्यांना माहीत होतं की नाही, हे मला खात्रीने सांगता येणार नाही.

ऑपरेटरने दुसऱ्यांचं बोलणं ऐकायचं नसतं, असा खात्याचा नियम होता. काका नियम मानणारे होते. "मी कधी ऐकलं न्हाई," ते म्हणत, "कान तिथं होते, त्याला मी काय करू?" त्यांच्या कानांनी जे गोळा केलं होतं त्यात एक आख्खं भोकरदन होतं. तीन नंबर म्हणजे अडतवाला. ट्रंककॉलचं मिनिट वाया जाऊ नये म्हणून तो बायकोच्या आजारपणाची बातमी आणि तुरीचा भाव एकाच श्वासात विचारी, भाव आधी. पाच नंबर म्हणजे वकील. भोकरदनच्या घरात चहा पीत पक्षकाराला सांगायचा, "मी जालन्याच्या कोर्टात उभा आहे." सात नंबर म्हणजे हेडमास्तर, जे प्रत्येक गोष्ट दोनदा विचारत, कारण पहिल्यांदा ते उत्तर ऐकत नसत. आणि एक नंबर म्हणजे खुद्द एक्स्चेंज. सकाळी कामावर आलं की काका आधी एक नंबर तपासत आणि कुणी ऐकायला असो-नसो, मोठ्याने म्हणत, "लाईन चालू आहे." चार नंबराबद्दल मात्र ते कधी बोलले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "तुला काय करायचंय? तुला नंबरच न्हाई."

एक्स्चेंज ऑटोमॅटिक झालं त्या दिवशी मोठे साहेब आले, नारळ फुटला, भाषण झालं. साहेब म्हणाले, आता दोन माणसांच्या मध्ये तिसरं माणूस लागणार नाही. टाळ्या पडल्या. ते तिसरं माणूस त्या वेळी गळ्यात हार घालून साहेबांच्या शेजारीच उभं होतं. काका हे अगदी शांतपणे सांगत. मग म्हणत, "बटनाचे फोन आले, लोक परस्पर खोटं बोलायला लागले. आधी मला इचारून बोलत होते."

म्हणून त्यांनी बटनाचा फोन घरात येऊ दिला नाही. त्यांच्याकडे तबकडीचा काळा फोन होता, उचलला तर हाताला वजन कळावं असा. तो ज्या टेबलावर होता तेच त्यांचं दुकान. फळीवर लिहिलेलं होतं, 'संगणक टायपिंग'. एका बियाणे कंपनीच्या ऑफिसातून टाकून दिलेला कॉम्प्युटर त्यांनी आणला होता. त्याला पुढे मोडेम बसवला, कारण बोर्डाचे निकाल इंटरनेटवर दिसतात असं कुणीतरी सांगितलं होतं. मोडेम म्हणजे टेलिफोनच्या तारेतून कॉम्प्युटरला बोलायला लावणारी डबी. निकालाच्या दिवशी ती डबी बराच वेळ शिट्ट्या मारी आणि शेवटी काहीच दिसत नसे. काका जमलेल्या पोरांना म्हणत, "नापासच हाय. पास असता तर येवढा उशीर लागला नसता."

गिऱ्हाइकाशी ते असेच बोलत, आणि तरी गिऱ्हाईक येई. एकदा एक मुलगा नोकरीसाठी बायोडाटा टाईप करून घ्यायला आला. काकांनी विचारलं, "आवड काय लिहू?"

"वाचन लिहा."

"शेवटचं काय वाचलंस?"

मुलगा खरं बोलणारा होता. "एस.टी.चं वेळापत्रक."

"बराबर. मंग 'कल्पित वाङ्मय' लिहितो," काका म्हणाले, आणि खरंच लिहिलं. त्याला ती नोकरी लागली.

पण पाच वाजले की दुकानात कोणी का असेना, काका हात वर करून सगळ्यांना थांबवत आणि काळ्या फोनची तबकडी फिरवत. धावड्याला आक्काच्या ओसरीत फोन बसला होता. आक्का त्यांच्यापेक्षा बरीच मोठी. आई लवकर गेली, तेव्हा काकांना तिनेच वाढवलं. एवढं प्रेम असलेली भावंडं एकमेकांशी कशी बोलतात हे मला तिथे पहिल्यांदा ऐकायला मिळालं. आक्काचा आवाज रिसीव्हरमध्ये मावत नसे, मला बाजूच्या खोलीत ऐकू येई.

"उचलायला येवढा वेळ? गावाला चक्कर मारून आलीस का?"

"म्हशीपाशी होते. तुझ्यापरीस म्हैस बरी, हाक मारली की येती. जेव..."

"जेवलो."

"तं..."

"सोडली," काका म्हणत, आणि मोकळ्या हाताने तंबाखूला चुना लावत.

"गावाकडं कधी..."

"येतो की. तू काय नाचायला उभी राहणार हायेस का वेशीत?"

"मला बोलू तर दे रे मेल्या."

रोज हेच. रोज याच क्रमाने. आक्काला एक वाक्य पुरं करता येत नसे आणि काकांना ते ऐकून घ्यायची गरज वाटत नसे. फोन ठेवला की काका चांगल्या मनःस्थितीत असत, म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकाला जरा कमी बोलत.

माझ्या दुसऱ्या वर्षी त्यांचा आवाज घोगरा झाला. "बसला न्हाई," ते म्हणाले, "रजेवर गेलाय. मी कधी घेतली न्हाई, तो घेऊन राह्यला." रजा संपेना, तेव्हा औरंगाबादला नोकरीला असलेला त्यांचा मुलगा त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेला. घशात गाठ होती. जगायचं तर स्वरयंत्र काढावं लागेल असं डॉक्टर म्हणाले. काका म्हणाले, "दुसरं पाहिजे ते घ्या साहेब, तेवढं राहू द्या." डॉक्टरांनी नेमकं तेवढंच घेतलं.

आक्का दवाखान्यात जाऊन बसली. भाऊ घरी येईपर्यंत अन्नाला शिवणार नाही म्हणाली, आणि शिवली नाही. घरी सोडायच्या आदल्या दिवशी तिला जिन्यात चक्कर आली आणि ती गुडघ्यांवर पडली. भाऊ चालत घरी आला, बहिणीला उचलून आणावं लागलं. त्यानंतर तिचे गुडघे नीट झाले नाहीत. काकांनी ही गोष्ट मनात कुठे ठेवली होती ते मला पुढे कळलं.

आता काकांच्या गळ्यात एक पाटी आली. लहान मुलांची, लाकडी चौकटीची. टोमणे तेच होते, फक्त आता शुद्धलेखनासह येत. पण पाच वाजता पाटीचा काही उपयोग नव्हता. पहिल्या दिवशी त्यांनी तबकडी फिरवली, तिकडून आक्का "हॅलो, हॅलो" करत राहिली. काकांनी रिसीव्हरवर पेन्सिल आपटली. आक्का म्हणाली, "श्वास ऐकू येऊन राह्यला. श्वास तर म्हैसबी घेती. तू काय म्हणतोस ते सांग." मग स्वतःच गप्प झाली. दोघंही काही वेळ फोन धरून बसले. काही दिवसांनी काकांनी फोन लावणं सोडलं. तिकडून वाजला तरी उचलत नसत. पाच वाजले की घड्याळाकडे पाहत आणि पाटी उलटी करून ठेवत. जेवण कमी झालं, दुकान उघडायला उशीर होऊ लागला. घशातलं ऑपरेशन यशस्वी झालं असं डॉक्टर सांगत होते, आणि माणूस डोळ्यांदेखत कमी होत चालला होता.

मी फार विचार करून एक सुचवलं. म्हटलं, "काका, बटनाचा फोन आणू या का? बटन दाबलं की तिकडे सूर ऐकू जातो. एक सूर म्हणजे हो, दोन म्हणजे नाही..."

त्यांनी पाटीवर लिहिलं, 'ज्यानं मला घरी बसवलं, त्यालाच घरात घेऊ?'

दोन दिवसांनी मी पुन्हा धीर केला. कॉलेजात आम्हाला मोडेमची प्रात्यक्षिकं नुकतीच झाली होती. मी सांगितलं की ही डबी स्वतःच बटनाचे सूर काढून नंबर फिरवते, आणि समोरच्याने फोन उचलल्यावरही सूर पाठवू शकते. मी एक छोटा प्रोग्रॅम लिहीन. तुम्ही कीबोर्डवर आकडा दाबायचा, मोडेम तेवढे सूर तिकडे वाजवेल. आक्काचं बोलणं डबीच्या स्पीकरमधून ऐकू येईल.

काकांनी बराच वेळ डबीकडे पाहिलं. मग लिहिलं, 'म्हणजे हे मशीन माझ्या हाताखाली?'

"हो."

'पगार?'

"नाही."

'रजा?'

"नाही."

'मग ठेवून घे.' आणि खाली, लहान अक्षरात: 'तुझा बाप शिट्टीवर मेंढरं वळवतो. तू फोन वळव. शिकून धंदा बदलला नाहीस.'

प्रोग्रॅम लिहायला मला वाटलं होतं त्याच्या कितीतरी पट वेळ लागला. पहिल्या प्रयत्नात हुकमाच्या शेवटचं एक चिन्ह राहिलं, आणि पलीकडे दुसरा कॉम्प्युटरच आहे असं समजून मोडेम आक्काच्या कानात किंचाळला. आक्काने गावभर भावाचं नाव घेऊन सांगितलं, "साहेबरावचा आवाज परत आला, पण रेड्याचा आला." दुसऱ्या प्रयत्नात किंचाळी गेली. पाच वाजता मोडेमने नंबर फिरवला, आक्का उचलून "हॅलो" म्हणाली, आणि काकांनी एका बोटाने एक दाबला. एक सूर गेला.

पलीकडून आक्काचा आवाज, अगदी हळू. "एक नंबर. लाईन चालू."

हे त्यांनी आधी ठरवलेलं नव्हतं. काका इतकी वर्षं भोकरदनच्या एकेका नंबराच्या गोष्टी तिला सांगत आले होते, त्याच आता कामाला आल्या. आक्काने विचारलं, "जेवलास का?" काकांनी एक वाजवला. "तंबाखू सोडली का?" काकांनी पाच वाजवले. आक्का हसली. "वकील झालास व्हय रे. डाक्टरनं नरडं काढलं तरी खोटं बोलून राह्यलास." मग ती म्हणाली, "गावाकडं कधी..." आणि काकांनी तिला मध्येच तोडून सात सूर ठोकले. हेडमास्तर. तेच तेच विचारू नकोस.

"मला बोलू तर दे रे मेल्या," आक्का म्हणाली.

मी उठून बाहेर गेलो. दुकानात एक गिऱ्हाईक आलं होतं, त्याला म्हटलं, जरा थांबा, काका फोनवर बोलत आहेत.

पुढे वर्षभर हे चाललं. काका त्यात इतके तयार झाले की आक्का शब्दाच्या पहिल्या अक्षरावर असतानाच त्यांचं बोट पडे. भाचा मोटारसायकलचं पेट्रोल मोजून भरतो असं ती सांगू लागली की तीन सूर. बाकी लोकांसाठी पाटी होती, पण पाटीत ती मजा नाही असं त्यांचं मत होतं. 'पाटी समोरच्यानं वाचायची वाट बघावी लागते,' त्यांनी एकदा लिहिलं, 'मध्ये तोंड घालता येत नाही.'

मी तिसऱ्या वर्षाला असताना गाठ परत आली. या वेळी मानेत. औरंगाबादला पुन्हा भरती व्हायचं ठरलं, आणि काकांनी मला पाटी दाखवली. 'आक्काला कळता कामा नये. मागं अन्न सोडून गुडघे घालवले. या वेळी माझ्याआधी जाईल. पाच वाजता मशीन लाव.'

"म्हणजे तुम्ही इथे नसताना?" मी विचारलं. "मशीनने आपोआप फोन लावायचा, आपोआप उत्तरं द्यायची?"

त्यांनी मान हलवली.

"काका, पण हे खोटं..."

त्यांनी कीबोर्डवर पाच दाबलं. डबीने पाच सूर काढले. मी वकील व्हायचं होतं.

मी प्रोग्रॅम बदलला. मोडेमला द्यायच्या हुकमात स्वल्पविराम टाकला की तो तेवढ्यापुरता थांबतो आणि मग पुढचा आकडा वाजवतो. शाळेत मला स्वल्पविराम कधी नीट जमले नाहीत, इथे मी ते ओंजळीने टाकले. आधी नंबर. मग आक्काच्या गुडघ्यांसाठी स्वल्पविराम, गोठ्यापासून ओसरीपर्यंत तिला यायला लागतील तेवढे. मग एक सूर, लाईन चालू. मग 'जेवलास का'साठी जागा, त्यावर एक. मग तंबाखूसाठी जागा, त्यावर पाच. मग गावाकडं येण्यासाठी भरपूर जागा, कारण तिथे ती लांबण लावी, आणि शेवटी सात. मोडेमला आक्काचं काही ऐकू येणार नव्हतं. त्याने फक्त ठरल्या वेळी थांबायचं आणि ठरल्या वेळी वाजवायचं होतं.

काका औरंगाबादला भरती झाले. मी कॉलेज करून दुकानात बसू लागलो. पाच वाजता मशीनने आपोआप नंबर फिरवला, आक्का आली, एक सूर गेला. "जेवलास का?" एक सूर. "तंबाखू सोडली का?" पाच. "गावाकडं कधी येतो, दिवाळी झाली, म्हैस आटली, पोरं इचारत्यात..." आणि सात. सगळं बरोबर बसलं. मी स्पीकरपाशी घाम पुसत होतो. एक माणूस विचारतं, दुसरं ऐकतच नाही, आणि तरी उत्तरं चुकत नाहीत, हे पाहून मला वाटलं, जगातली बरीचशी बोलणी अशीच होत असावीत.

दोन-तीन दिवस असे गेले. मग आक्काने एकदा क्रम बदलला. आल्या आल्या म्हणाली, "म्हशीला रेडकू झालं." मशीन म्हणालं, लाईन चालू. "पांढऱ्या कपाळाचं हाय." मशीनने तिला वकील ठरवलं. त्यानंतर आक्का रोज जरा जास्त बोलू लागली, सावकाश, मध्ये थांबत थांबत. एखाद्या विहिरीत दोर सोडून पाणी किती खोल आहे ते पाहावं, तशी.

पुढच्या आठवड्यात एके दिवशी तिने कुणाच्या तरी लग्नाची गोष्ट काढली. मुलगी कुठली, मामा काय म्हणाला, जेवणात मीठ कसं नव्हतं. मशीन शेवटच्या मोठ्या जागेत थांबलेलं होतं, स्पीकरमधून फक्त तिचा आवाज येत होता. गोष्ट संपली.

"झालं," आक्का म्हणाली. "माझं सगळं बोलून झालं." मग थोडं थांबून, "उचल रे पोरा. तू तिथंच बसून राह्यलास, मला ठाऊक हाय."

मी काळा रिसीव्हर उचलला. "आक्का, काका जरा बाहेर..."

"माझ्या भावानं जन्मात मला एक वाक्य पुरं करू दिलं न्हाई," ती म्हणाली. "आन्‌ आता इतके दिवस झाले, गप ऐकून राह्यलाय. येवढा सबुरीचा तो कधी झाला? कुठं ठेवलंय त्याला?"

तेवढ्यात मशीनची वेळ झाली, आणि आमच्या दोघांच्या कानात सात सूर वाजले.

मी खरं काय ते सांगितलं. दवाखाना सांगितला, मानेतली गाठ सांगितली, आणि तुम्ही पुन्हा अन्न सोडाल म्हणून त्यांनी लपवलं, हेही सांगितलं. ती रडेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "उद्या सकाळच्या गाडीनं येते. तू बराबर स्टँडवर ये. आन्‌ त्याला निरोप दे, भाकर खाऊनच येऊन राह्यली म्हणावं."

हा निरोपही मी जसाच्या तसा फोन करून काकांच्या मुलाला सांगितला.

दुसऱ्या दिवशी औरंगाबादच्या स्टँडवर मी तिला गाडीतून उतरवून घेतलं. दवाखान्यात कॉटवर काका फार लहान दिसत होते. त्यांनी आधी आक्काकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि कॉटच्या लोखंडी दांडीवर बोटाने चार वेळा ठोकलं. मला चारचा अर्थ माहीत नव्हता.

"चार म्हंजे," आक्का खुर्चीत बसत म्हणाली, "भोकरदनला एक होता. अर्ज केला, मंजूर झाला, नंबर मिळाला, दारापुढं खांबबी उभा राह्यला. तार काही पोचली न्हाई. तो त्या खांबाला म्हैस बांधी." तिने गुडघा चोळला. "म्हंजे तुला नंबर मंजूर झाला रे पोरा. पण तार अजून लांब हाय, असं म्हणून राह्यला."

काकांनी डोळे मिटून घेतले. हसताना ते तसं करत, हे मला तेव्हा आठवलं.

आक्काने पिशवीतून भाकर काढली आणि त्यांच्यासमोर बसून खाल्ली, प्रत्येक घास त्यांना दाखवून. "बघ, खाऊन राह्यले. आता तू..." आणि दांडीवर सात ठोके पडले. नर्स म्हणाली, पेशंटला बोलायला लावू नका. आक्का म्हणाली, "बाई, मी कुठं लावते, तोच मला बोलू देत न्हाई."

ती तिथेच राहिली. सकाळ-संध्याकाळ जेवली, आणि दिवसभर बोलली. म्हैस, रेडकू, लग्न, मीठ. काका दांडीवर तिला तोडत राहिले. ठोके दिवसेंदिवस हळू होत गेले, पण वाक्य कधी पुरं होऊ दिलं नाही. काका गेले त्या दुपारी मी तिथेच होतो. आक्का काहीतरी सांगत होती, रेडकाच्या गळ्यातल्या घुंगराचं. सांगता सांगता तिचं वाक्य पुरं झालं. ती थांबली. तिने आणखी एक वाक्य बोलून पाहिलं, तेही पुरं झालं. मग तिने हात पुढे करून त्यांचं बोट दांडीवरून काढलं आणि आपल्या मुठीत घेतलं.

विधी सगळे धावड्याला झाले. दुकान बंद झालं, कॉम्प्युटर काकांच्या मुलाने मला देऊन टाकला. माझं शेवटचं वर्ष होतं, खोली मी ठेवली, फोनही राहिला. तेराव्यानंतर गावी आक्काच्या ओसरीत बसलो होतो, तेव्हा तिने विचारलं, "ते मशीन हाय का अजून? का भंगारात घातलं?"

"आहे. माझ्याकडे आहे."

"मंग पाच वाजता लावत जा. मला ठाऊक हाय तिकडं कोणी न्हाई. तेवढं मला कळतं." तिने पदर सारखा केला. "पण ते सबुरीचं नको. नुसतं ऐकून घेणारे इथं गावात लई हायेत, भेटायला येऊन ऐकून जात्यात. मला मधी तोड."

मी जालन्याला परत आलो. कॉम्प्युटर लावला, प्रोग्रॅम उघडला आणि त्यातले सगळे स्वल्पविराम खोडले. पहिले, गुडघ्यांचे, तेवढे ठेवले.